एक प्यादं द्या, तीन खेळ्या घ्या : इव्हान्स गॅम्बिट शिकणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा उचलल्या की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओसरीवर बुद्धिबळाचे पाच-सहा पट मांडले जातात. गल्लीतली मुलं येतात, लोकमान्य नगरातून दोघी बहिणी सायकलवर येतात, एखादे निवृत्त काकाही येऊन बसतात. ज्याला मोहऱ्यांच्या चाली येतात आणि दोन-चार महिन्यांचा सराव झालेला आहे, त्याला मी पहिलं ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, म्हणून इव्हान्स गॅम्बिट शिकवते. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊ करणं. त्यावर दरवेळी तोच प्रश्न येतो, "काकू, प्यादं फुकट का द्यायचं?"

प्याद्याच्या बदल्यात आपण वेळ घेतो. समोरचा ते प्यादं खाण्यात आणि खाल्ल्यानंतर जीव वाचवण्यात जेवढ्या खेळ्या घालवेल, तेवढ्यात आपले मोहरे बाहेर यायला हवेत. मात्र हा वेळ उधारीचा आहे. मुदतीत वापरला नाही, तर समोरचा एक प्यादं वर राहतो आणि चाळिसाव्या खेळीला तेच प्यादं वजीर होऊन आपल्या पुढ्यात उभं राहतं. जुन्या जाणकारांचा हिशेब असा, की एका प्याद्याची किंमत साधारण तीन खेळ्या. हा हिशेब डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

गॅम्बिट हा शब्द इटालियनमधल्या कुस्तीच्या शब्दावरून आला, पायात पाय घालून पाडणे या अर्थाचा. रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्र्याने १५६१ साली तो बुद्धिबळात आणला. आपल्याकडे कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. टांग मारताना आपलाही तोल क्षणभर जातो, म्हणून टांग लागली की तिथेच थांबायचं नसतं, लगेच अंगावर जायचं असतं.

माझे आजोबा देशी डाव खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं, आणि किल्लेकोटाऐवजी, म्हणजे कॅसलिंगऐवजी, राजाला एकदाच घोड्याची उडी घेता यायची. तो डाव निवांत, मोहरे मांडण्यातच अर्धी दुपार जायची. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादं पहिल्यांदा दोन घरं उडी मारतं, राजा एका खेळीत कोपऱ्यात जातो, आणि म्हणूनच वेळेला एवढी किंमत येते. ज्यांच्या घरी अजून देशी वळण आहे, त्यांनी हा फरक आधी हाताला लावून घ्यावा.

घरांची नावं

पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. म्हणजे पांढऱ्या राजाच्या पुढचं प्यादं ई२ वर उभं असतं आणि दोन घरं गेलं की ई४ वर येतं. ज्याला हे सवयीचं नाही त्याने आठवडाभर नुसतं बोट ठेवून घरांची नावं मोठ्याने म्हणावीत. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. पुढचा सगळा लेख खरा पट समोर मांडूनच वाचायचा आहे. मोबाईलवर मोहरे बोटाने सरकतात खरे, पण नवशिक्याच्या डोक्यात ते बसत नाहीत, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

पहिल्या चार खेळ्या

पांढरा ई४, काळा ई५. पांढरा घोडा एफ३ वर, काळा घोडा सी६ वर. पांढरा उंट सी४ वर, काळा उंट सी५ वर. इथपर्यंतचा हा इटालियन डाव आपल्यापैकी बहुतेक जण नकळत खेळतच असतात. आता चौथी खेळी : पांढरा बी२ चं प्यादं बी४ वर ढकलतो, सरळ काळ्या उंटाच्या तोंडी.

ही खेळी १८२०च्या दशकात विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्सच्या कप्तानाने काढली. वेल्स आणि आयर्लंड यांच्यामध्ये टपालाचं जहाज नेणारा हा माणूस. १८३४ साली लंडनमध्ये लाबूर्दोने आणि मॅकडॉनल या त्या काळच्या नामवंत खेळाडूंच्या गाजलेल्या सामन्यांत ती पुन्हा पुन्हा खेळली गेली आणि मग पुढची कित्येक दशकं युरोपभर तिचंच राज्य होतं.

काळ्याने बी४ चं प्यादं उंटाने मारलं, की पाचवी खेळी सी३. उंटावर हल्ला, त्याला उठावंच लागतं. तो उठून ए५ वर गेला की सहावी खेळी डी४. काळा ई५ च्या प्याद्याने डी४ चं प्यादं मारतो. आता हात थांबवा आणि मोजा. काळ्याच्या सहा खेळ्या झाल्या, त्यातल्या तीन एकाच उंटाच्या. सी५, बी४, ए५. बाहेर आलेले मोहरे दोनच, तो उंट आणि एक घोडा, आणि उंट पार पटाच्या कडेला जाऊन बसला आहे. राजा अजून मधोमध. आपण घेतलेला वेळ म्हणतात तो हाच.

सातवी खेळी किल्लेकोट, जिला आपण सगळे कॅसलिंग म्हणतो.

इथे नवशिक्यांचा हात हमखास सी३ च्या प्याद्याकडे जातो, डी४ वरचं प्यादं परत मारायला. पट नीट पाहा. ए५ चा उंट, बी४ रिकामं, सी३ चं प्यादं, डी२ रिकामं, ई१ वर आपला राजा. सगळे एकाच तिरप्या रेषेत. सी३ चं प्यादं जखडलेलं आहे, ते हललं तर राजाला शह बसतो, म्हणून ते हलवताच येत नाही. किल्लेकोट केला की राजा त्या रेषेतून बाहेर पडतो आणि प्यादं मोकळं होतं. काळा उंट ए५ ऐवजी सी५ वर परतला असेल तर सी३ ने मारता येईल, पण बी४ वर शह येईल आणि आपलीच एक खेळी जाईल. म्हणून दोन्ही ठिकाणी एकच सवय लावा : आधी किल्लेकोट, मग प्यादं.

गेलेलं प्यादं काय देऊन गेलं

बी२ वरचं प्यादं निघून गेल्यावर तिथे जी रिकामी जागा झाली, तिच्याकडे फार थोड्या मुलांचं लक्ष जातं. पण आधी वजिराचं पाहू. सी२ चं प्यादं सी३ वर गेल्यामुळे त्याला बी३ वर यायची वाट मोकळी झाली. सी४ चा उंट आणि बी३ चा वजीर एकामागे एक उभे राहिले की दोघांचा रोख एफ७ वर येतो, आणि एफ७ ला सुरुवातीला एकट्या राजाचाच आधार असतो. दुसरं म्हणजे, बी२ रिकामं झाल्यामुळे सी१ च्या उंटाला ए३ चं घर मिळालं. तिथून तो थेट एफ८ पर्यंत पाहतो, आणि मधलं काही आड आलं नाही तर काळ्याला किल्लेकोटच करता येत नाही. सातव्या खेळीला काळ्याने घोडा एफ६ वर आणला की आठवी खेळी उंट ए३, हे डोळे मिटून लक्षात ठेवा.

मी ओसरीवर एक गोष्ट करून घेते. सातव्या खेळीनंतरची स्थिती मांडायची, आणि विचारायचं, आता आपला कोणता मोहरा कुठल्या घरात जाऊ शकतो जो पहिल्या खेळीला जाऊ शकत नव्हता? उत्तरं मुलांनीच शोधायची. परवा लोकमान्य नगरातल्या धाकटीने ए३ शोधलं, उंट तिथे ठेवला आणि एफ८ पर्यंत बोट ओढत नेलं. त्यानंतर तिने तो उंट ठेवायला एकदाही विसरलं नाही.

ए५ चा एकटा उंट

आता ज्या युक्तीवर या गॅम्बिटमधले निम्मे डाव जिंकले जातात ती पाहू. ती सावकाश मांडा.

सातव्या खेळीला काळा हावरटपणा करतो, डी४ चं प्यादं सी३ वरही मारतो. आता तो तीन प्यादी वर आहे. घाबरू नका. आठवी खेळी वजीर बी३, एफ७ वर दुहेरी हल्ला. काळा वजीर एफ६ वर आणून एफ७ सांभाळतो. नववी खेळी ई५! प्यादं वजिरावर चालून जातं. काळ्याला वाटतं, हे चौथं प्यादंही आपलंच, आणि तो सी६ च्या घोड्याने ई५ मारतो. दहावी खेळी हत्ती ई१. घोडा आता राजासमोर जखडला. काळा डी६ करून त्याला आधार देतो. आपण एफ३ च्या घोड्याने ई५ चा घोडा मारतो, काळा डी६ च्या प्याद्याने परत मारतो. आता पाहा : सी६ चा घोडा गेला, डी७ चं प्यादं गेलं, ए४ पासून ई८ पर्यंतची तिरपी वाट साफ. वजीर ए४, शह. आणि त्याच वजिराचा रोख ए५ च्या उंटावरही आहे. काळा शह टाळतो, आपण उंट उचलतो.

हाच ए४ चा शह दुसऱ्या वाटेनेही येतो. समजा सहाव्या खेळीला काळ्याने डी४ मारलं नाही, डी६ खेळला. आपण सातवी खेळी वजीर बी३. एफ७ वाचवायला काळा वजीर ई७ वर आणतो, दिसायला अगदी नैसर्गिक खेळी. आठवी खेळी डी५. सी६ चा घोडा डी८ ला गेला की वजीर ए४, शह, आणि उंट गेला. घोडा डी४ वर आला तर आधी आपल्या घोड्याने तो मारायचा, काळ्याने परत मारलं की मग ए४ वरून शह. म्हणून काळ्याने वजीर ई७ ऐवजी डी७ वर ठेवायला हवा, आणि जाणते खेळाडू तसंच करतात.

दोन वेगळे डाव, पण दुखणं एकच : तो उंट कडेला एकटा पडला आहे, त्याला कुणाचा आधार नाही. खेळ्या विसरल्या तरी चालतील. प्रत्येक खेळीला स्वतःला विचारा, ए४ ते ई८ ची वाट मोकळी झाली का?

एक डाव पूर्ण पाठ करा

पाठांतराला माझा फारसा आग्रह नसतो, पण एक डाव मात्र मी प्रत्येकाकडून पाठ करून घेते. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये पुढे जगज्जेता झालेला बॉबी फिशर आणि रूबेन फाइन यांच्यात झालेला मैत्रीचा डाव. फाइन एके काळचा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. सात खेळ्या वर दिल्या तशाच. काळ्याने सी३ मारलं, आठवी वजीर बी३, काळा वजीर ई७. नववी फिशरने घोड्याने सी३ मारलं, काळा घोडा एफ६. दहावी घोडा डी५, काळ्याने तो मारला, अकरावी ई४ च्या प्याद्याने परत मारलं, काळा घोडा ई५ वर. बारावी घोड्याने घोडा मारला, काळ्या वजिराने परत मारलं. तेरावी उंट बी२, वजिरावर हल्ला. वजीर जी५ वर पळाला. चौदावी एच४! आणखी एक प्यादं. काळ्या वजिराने तेही मारलं. पंधरावी उंटाने जी७ मारलं, काळा हत्ती जी८. सोळावी एफ१ चा हत्ती ई१ वर, शह. राजा डी८. सतरावी वजीर जी३, आणि फाइनने डाव सोडला.

का सोडला, ते पटावर शोधा, मी फक्त खूण सांगते. काळ्या वजिराने जी३ चा वजीर मारला तर उंट एफ६ वर येऊन मात. हत्तीने जी७ चा उंट मारला तर आपला वजीर एच४ चा वजीर उचलतो, तोही शह देत.

हा डाव मला इतका आवडतो याचं कारण त्यातली एकही खेळी उगाच नाही. डी५ वर घोडा आला, त्याने वजिराला धमकावलं. बी२ वर उंट आला, त्याने वजिराला धमकावलं. एच४ नेही वजिरालाच धमकावलं. समोरच्याला स्वतःची खेळी खेळायची उसंतच दिली नाही. उधारीचा वेळ खर्च करायचा तो असा.

प्यादं परत मिळालं तरी

आता सावधगिरीचं. इंदूरमध्येच एका स्पर्धेत मी हे गॅम्बिट पहिल्यांदा खेळले तेव्हा समोरच्याने सहाव्या खेळीला डी६ आणि मी किल्लेकोट केल्यावर उंट शांतपणे बी६ वर मागे घेतला. मी डी४ च्या प्याद्याने ई५ मारलं, त्याने परत मारलं, मी वजिराने वजीर मारला, त्याने घोड्याने परत मारलं, मी घोड्याने ई५ मारलं. प्यादं परत मिळालं म्हणून मला आनंद झाला होता. पुढच्या पाच मिनिटांत कळलं की माझ्याकडे हल्ला करायला काहीच उरलेलं नाही, आणि ए आणि सी पट्टीवरची माझी प्यादी एकेकटी उभी आहेत. शेवटच्या टप्प्यात ती दोन्ही गेली. घरी येऊन शोधलं तेव्हा समजलं, हा लास्करचा बचाव. १८९४ ते १९२१ जगज्जेता असलेल्या इमॅन्युएल लास्करचं नाव याला मिळालं, कारण त्याने इव्हान्सच्या बाजूने खेळणाऱ्यांना याच शांतपणाने हैराण केलं होतं.

त्यामुळे माझं ठाम मत असं, की काळ्याने सहाव्या खेळीला डी६ केलं तर नवशिक्याने किल्लेकोटाआधी वजीर बी३ वर आणावा. आणि कुठल्याही डावात, प्यादं परत मिळतंय पण वजिरा-वजिरी होतेय, असा प्रसंग आला तर दोनदा विचार करा.

काळ्याने प्यादं घेतलंच नाही आणि उंट बी६ वर नेला, तर पाचवी खेळी ए४. आता ए५ ची धमकी आहे, उंट कोंडला जाईल. काळ्याने ए६ करून त्याला ए७ चं घर करून दिलं की घोडा सी३ वर आणा आणि साधा डाव खेळा. प्यादं गेलेलं नाही, काही बिघडलेलं नाही.

काळ्याने प्यादं घेतलं आणि पाचव्या खेळीला उंट ए५ ऐवजी ई७ वर नेला तर तो चांगला बचाव आहे. १९९५ साली रीगामध्ये विश्वनाथन आनंदने गॅरी कास्पारोव्हविरुद्ध हाच निवडला होता. कास्पारोव्ह डी४ खेळला, घोडा ए५ वर आल्यावर उंट ई२ वर मागे घेतला, आणि पंचवीस खेळ्यांत डाव जिंकला. जवळजवळ शंभर वर्षं मागे पडलेलं इव्हान्सचं हे हत्यार त्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या बोलण्यात आलं. ती पंचवीस खेळ्यांची नोंद शोधून जरूर मांडून पाहा, पण फिशरचा डाव पाठ झाल्यावरच.

सराव कसा करायचा

पहिला आठवडा : फक्त सात खेळ्या. रोज पाच वेळा मांडायच्या, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक खेळीला "ही कशासाठी" ते मोठ्याने म्हणायचं. नुसतं मनात म्हटलं तर पळवाट मिळते.

दुसऱ्या आठवड्यापासून कुणाला तरी समोर बसवा, भाऊ, शेजारी, कुणीही. सातव्या खेळीनंतरची स्थिती मांडा, घड्याळ पंधरा मिनिटांचं लावा, आणि एक डाव पांढऱ्याने तर एक काळ्याने खेळा. काळ्याने खेळणं टाळू नका. ए५ चा उंट आपल्याच हातात असताना किती जड वाटतो ते कळल्याशिवाय पांढऱ्याने खेळण्यातली मजा पुरती कळत नाही. लिचेस या संकेतस्थळावर फुकट खेळता येतं आणि झालेला डाव तपासताही येतो, पण तीन मिनिटांचे डाव महिनाभर तरी खेळू नका. घाईत फक्त सवयी दिसतात, आणि तुमच्या सवयी अजून तयार व्हायच्या आहेत.

संगणक तुम्हाला सांगेल की ही स्थिती साधारण बरोबरीची, थोडी काळ्याकडे झुकलेली. ते खरं आहे. पण तुमच्यासमोर बसलेला माणूस संगणक नाही, आणि घरातल्या ओसरीवर किंवा जिल्हा स्पर्धेत बाराव्या खेळीला बचावाची एकच बरोबर खेळी शोधणं फार अवघड असतं.

एक वही ठेवा. हरलेला प्रत्येक डाव लिहा, आणि जिथे तुमचा मोहरा दुसऱ्यांदा विनाकारण हलला त्या खेळीखाली रेघ मारा. ओसरीवरच्या बहुतेक वह्यांमध्ये ती रेघ आठव्या ते बाराव्या खेळीच्या मध्येच पडलेली आहे. तिथेच उधारी बुडते.

शेवटी एक अडचण, जी पहिल्याच आठवड्यात येईल. काळा तिसऱ्या खेळीला उंट न काढता घोडा एफ६ वर आणेल, आणि बी४ ला अर्थच उरणार नाही. तेव्हा चौथी खेळी डी४ करा, काळ्याने मारलं की किल्लेकोट. वेगळं गॅम्बिट आहे, पण हिशेब तोच. पहिल्या खेळीलाच ई५ ऐवजी दुसरं काही आलं, सी५ किंवा ई६, तर मात्र इव्हान्स बाजूला ठेवा आणि घोडे-उंट बाहेर काढून साधं खेळा.

येत्या रविवारी आम्ही काळ्याच्या बाजूने लास्करचा बचाव मांडणार आहोत. पोहे आठ वाजता, पट साडेआठला.